नाचाला नाममुद्रा नसते

तमाशा कलावंताच्या अखेरीची एक ठराविक कथा महाराष्ट्रात गेली शंभर वर्षे सांगितली जात आहे. ऐन बहरात त्याच्यावर दौलतजादा उधळला गेला, त्याच्या नावावर कनाती भरल्या, राजेरजवाड्यांनी शालजोड्या दिल्या. पुढे वय झाले, आवाज बसला, पाय थकले. गेलेले दिवस परत आणण्याची धडपड त्याने केली, पण ते आले नाहीत. आणि एके दिवशी कुठल्याशा खोलीत तो उपेक्षित अवस्थेत मेला. मरणानंतर वृत्तपत्रात दोन रकाने, एखादी शोकसभा, आणि फारच झाले तर त्याच्या नावाचा पुरस्कार. ही कथा सांगणारे त्याची कारणे दोनच देतात. एक नशीब आणि दुसरे व्यसन. नशीब म्हटले की समाजाची सुटका होते. व्यसन म्हटले की सगळा दोष मरणाऱ्याच्या पदरात पडतो. दोन्ही वेळा ऐकणारा हळहळतो आणि निर्धास्त घरी जातो.

ही दोन्ही कारणे बाजूला ठेवून या कथेचा हिशेब मांडला पाहिजे. कीर्ती कोणी कमावली? ती कोणाच्या खात्यावर जमा झाली? आणि ती ओसरल्यावर परत मिळवण्याचा मार्ग कोणाला होता, कोणाला नव्हता? या प्रश्नांची तपासणी करण्यासाठी पवळाबाई हिवरगावकरीण आणि पठ्ठे बापूराव यांच्या जोडीइतके बोलके उदाहरण मराठी कलेच्या इतिहासात दुसरे नाही. एकच फड, एकच बोर्ड, त्याच रात्री आणि तेच प्रेक्षक. पण त्या बोर्डावर उभी असलेली दोन माणसे जातीच्या उतरंडीच्या दोन टोकांवरून आलेली होती. म्हणून एकाच कीर्तीचे पुढे काय काय होते, हे येथे स्वच्छ दिसते.

१

पठ्ठे बापूरावांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म ११ नोव्हेंबर १८६६ चा, आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवे तालुक्यात रेठरे हरणाक्ष या गावी. घर ब्राह्मणाचे, वतन कुलकर्ण्याचे. म्हणजे गावचे दप्तर, लेखणी आणि अक्षर ही त्या घराला वारशाने मिळालेली मालमत्ता होती. गावकुसाबाहेरच्या माणसांच्या तमाशासाठी हा मुलगा प्रथम लावण्या लिहून देऊ लागला आणि पुढे स्वतःच बोर्डावर उभा राहिला. ब्राह्मण समाजाने त्याला जातीबाहेर टाकले. त्याने मागे फिरून पाहिले नाही. हे त्यांचे धैर्य मान्य केलेच पाहिजे. त्या काळी महारामांगांच्या पंगतीला बसणे, त्यांच्या मुक्कामात राहणे आणि त्यांच्याच धंद्यावर पोट भरणे ही लहान गोष्ट नव्हती.

पवळाबाईंचा जन्म १८७० चा. गाव हिवरगाव पावसा, संगमनेर तालुक्यातले, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. आडनाव भालेराव, जात महार. लहानपणीच त्यांना जेजुरीच्या खंडोबाला वाहिले होते, असे सांगतात. देवाला वाहिलेली मुलगी म्हणजे मुरळी. तिचे लग्न देवाशी लागते आणि तिचा देह गावाचा होतो. तमाशात त्याआधी बायकांची कामे नाचे पोरेच करीत. त्या बोर्डावर पायात चाळ बांधून उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाबाईंचे नाव घेतले जाते.

येथे भाषेतली एक गोष्ट नोंदवून ठेवू. तमाशावरची पुस्तके उघडा. त्यांत ‘बापूराव आले’, ‘बापूराव म्हणाले’ असे आढळेल; आणि त्याच ओळीत ‘पवळा आली’, ‘पवळा नाचली’ असे आढळेल. एकाला आदरार्थी बहुवचन, दुसरीला एकेरी. हे लिहिणारे सगळेच काही दुष्ट नव्हते. त्यांच्या कानाला ते तसेच बरोबर वाटत होते, एवढेच. जात कुठे राहते असे कोणी विचारले तर ती क्रियापदाच्या प्रत्ययातही राहते, असे सांगावे लागेल. या लेखात त्यांना पवळाबाईच म्हटले आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या जोडीच्या नावाने मुंबई आणि पुणे दणाणून गेले. ग्रँट रोडच्या बाजूचा पिला हाऊसचा परिसर तेव्हा नाटक-तमाशाच्या थिएटरांनी गजबजलेला होता. गिरणगावातला कामगार, घाटावरून उतरलेला हमाल, बंदरावरचा मजूर हा त्यांचा प्रेक्षक. १९०८-०९ च्या सुमारास कोल्हापूरला शाहू महाराजांपुढे ‘मिठाराणीचा वग’ झाला. बापूरावांनी दोन लाख लावण्या रचल्याची कथा रूढ झाली. पवळाबाईंच्या रूपाची तर अशी ख्याती होती की त्यांना नुसते पाहण्यासाठी तिकीट लावले गेले, अशीही हकीकत सांगितली जाते. एका बाईला बसवून ठेवायचे आणि लोकांनी पैसे टाकून तिला पाहून जायचे! ही हकीकत सांगणारे ती कौतुकाने सांगतात. आपण ती कौतुकाने ऐकू शकत नाही.

२

आता ही कीर्ती कशाची बनलेली होती ते पाहू.

लावणीच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपले नाव गुंफतो. तिला नाममुद्रा म्हणतात. लावणी तोंडोतोंडी कितीही फिरली, कोणत्याही फडाने म्हटली, तरी शेवटच्या ओळीला रचणाऱ्याचे नाव उमटते. छापखाना आला तेव्हा त्याच नाममुद्रेच्या आधारे लावण्यांची पुस्तके निघाली आणि शाहिराचे नाव मुखपृष्ठावर गेले. नाचाला मात्र अशी नाममुद्रा नसते. पायाने धरलेला ताल, मानेचा झोल, डोळ्यांनी सांगितलेला अर्थ, ढोलकीवाल्याशी झालेला सवाल-जबाब हे सगळे त्या रात्रीबरोबर विरून जाते. त्यातले काही उरलेच तर ते पाहणाऱ्याच्या आठवणीत उरते, आणि पाहणारे मेले की तेही जाते. पवळाबाईंना पाहिलेले डोळे आज उरलेले नाहीत. बापूरावांचे शब्द उरले आहेत.

याचा अर्थ बापूरावांनी काही चोरले असा नाही. पण कोणती कला कागदावर चढते आणि कोणती चढत नाही, हे निसर्गाने ठरवलेले नव्हते. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या दप्तर होते त्यांचे श्रम कागदावर चढले. ज्यांना अक्षराची बंदी होती त्यांचे श्रम देहावरच राहिले आणि देहाबरोबर गेले. ढोलकीवाला, तुणतुणेवाला, कडेवाला, मागे झील धरणारा सुरत्या, प्रेक्षकांना लोळवणारा सोंगाड्या यांपैकी किती जणांची नावे आपल्याला माहीत आहेत? फड हा समूहाने उभा राहतो. इतिहासात मात्र तो एका नावाने नोंदवला जातो.

दुसरी गोष्ट पैशाची. तमाशाचा हंगाम साधारण दसऱ्यापासून चैत्र-वैशाखाच्या जत्रा संपेपर्यंत. पावसाळ्यात फड बंद. त्या चार महिन्यांत पोट कशाने भरायचे? फडमालकाकडून उचल घ्यायची. उचल घेतली की पुढचा हंगाम त्याच्याशी बांधला गेला. हंगामातल्या मेहनतान्यातून उचल फिटता फिटता पुन्हा पावसाळा येतो आणि पुन्हा उचल. फडमालक तरी मोकळा असतो काय? तो सावकाराच्या किंवा थिएटरवाल्याच्या उचलीत असतो. ज्या रात्री बोर्डावर नोटांचा पाऊस पडतो त्या रात्रीही नाचणारीच्या नावावर कर्ज उभे असते. दौलतजादा हा शब्द मोठा रुबाबदार आहे, परंतु त्या दौलतीचे घर झाले, शेत झाले, असे किती जणींच्या बाबतीत दाखवता येईल? सावकारीत अडकलेला शेतमजूर आणि उचलीत अडकलेली नर्तकी यांच्यात फरक एवढाच की तिच्या गुलामीला टाळ्या मिळतात.

३

पुढे बापूराव आणि पवळाबाई यांचे बिनसले. पवळाबाई वेगळ्या झाल्या. का झाल्या, याच्या नाना कथा आहेत आणि त्यांतल्या बहुतेक बाईच्या स्वभावावर बोट ठेवणाऱ्या आहेत. त्या कथांच्या मागे लागण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढचे आहे.

बापूरावांनी फड मोडू दिला नाही. दुसऱ्या नाचणाऱ्या स्त्रिया आणल्या, पुन्हा उभे राहण्याचा प्रयत्न केला. लेखणी तीच होती, नाव तेच होते, लावण्याही त्याच होत्या. पण तो बहर परत आला नाही. ज्या कीर्तीवर एकट्या शाहिराची नाममुद्रा उमटली होती ती कीर्ती एकट्याची नव्हती, हे त्या अपयशाने सिद्ध केले. इतिहासकारांनी जे लिहिले नाही ते प्रेक्षकांनी रिकाम्या जागांनी सांगितले. ओसरलेल्या कलावंताची धडपड ही नेहमी करुण म्हणून सांगितली जाते; येथे ती पुरावाही आहे. पवळाबाईंच्या कलेचे मोल काय होते याची कुठे नोंद शोधायची असेल तर ती बापूरावांच्या उतरणीत सापडते.

काळही बदलत होता. १९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. १९३१ साली ‘आलम आरा’ने पडद्याला बोलते केले आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपट आणला. पिला हाऊसची थिएटरे हळूहळू सिनेमाची झाली. गिरणी कामगाराच्या खिशातला आणा आता पडद्याकडे वळला. म्हणजे उतरण केवळ वयाची नव्हती, बाजाराचीही होती.

पवळाबाई १९३९ साली गेल्या. बापूराव २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात गेले, तेही विपन्नावस्थेत. कुलकर्ण्याचे वतन सोडून आलेला हा माणूस अखेर तमासगिराच्याच मरणाने मेला. त्यांच्या आधी शतकभर राम जोशी हा सोलापूरचा ब्राह्मण असाच तमाशात शिरला होता. त्याला पुढे कीर्तनाची वाट सापडली आणि लोकांनी ती मान्य केली. ब्राह्मणाला तमाशातून परतण्याचा एक दरवाजा निदान किलकिला होता. बापूरावांनी तो ठोठावला नाही, हा त्यांचा मोठेपणा समजावा. परंतु पवळाबाईंपुढे असा दरवाजाच नव्हता. महार मुरळीने कीर्तनाला उभे राहायचे म्हटले असते तर कोणत्या देवळाने तिला पायरीवर तरी येऊ दिले असते?

४

या कथेत एक प्रसंग असा आहे की ज्यापाशी आपल्या चळवळीला थांबावेच लागते.

१९२७ साल. महाडच्या चवदार तळ्याचा लढा सुरू होता. बापूराव तेव्हा साठी गाठलेले. त्यांनी तमाशाचे खेळ करून त्यांचे उत्पन्न सत्याग्रहाला देण्याची तयारी दाखवली आणि बाबासाहेबांनी ती देणगी नाकारली, ही हकीकत चळवळीच्या आणि तमाशाच्या अशा दोन्ही इतिहासांत सांगितली जाते. नकाराचे कारणही सांगितले जाते: अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा अस्पृश्यांच्या स्वाभिमानाच्या लढ्याला चालणार नाही.

बापूरावांनी हा देकार का दिला असेल? ज्या समाजाच्या सोबतीने आयुष्य काढले त्याच्याविषयीची कळकळ त्यात असेल. मावळत्या कीर्तीला नव्या उगवत्या चळवळीच्या सभामंडपात जागा मिळावी, ही इच्छाही असेल. माणसाच्या मनात दोन्ही एकत्र राहू शकतात. त्यांचा न्याय करण्याचे कारण नाही. न्याय करायचा तो नकाराचा अर्थ लावण्याचा.

हा नकार कलेला होता काय? तमाशातल्या माणसाला होता काय? तसे समजणारे दोन प्रकारचे आहेत. एक, आपल्यातलेच नव्याने पांढरपेशे झालेले, ज्यांना ढोलकीचा आवाज ऐकला की लाज वाटते. दुसरे, कलेचे सवर्ण रसिक, ज्यांना वाटते की बाबासाहेबांना लोककलेची जाण नव्हती. दोघेही चुकतात. नकार होता तो एका व्यवहाराला. त्या व्यवहारात देह एका जातीचा, नजर सगळ्या गावाची आणि गल्ला तिसऱ्याचाच होता. चवदार तळ्याचे पाणी आणि बोर्डावरची बाई यांचा संबंध बाबासाहेबांनी ओळखला होता. जिच्या हातचे पाणी बाटते तिचा देह मात्र बाटत नाही, ही गावाची सोयीस्कर व्यवस्था होती. पाण्यासाठी लढणारा माणूस त्या व्यवस्थेच्या गल्ल्यातून पैसा कसा घेणार?

या विचाराची पार्श्वभूमी आधीची आहे. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्यात ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केले आणि मुरळी सोडण्याच्या प्रथेवर कोरडे ओढले. त्यात शिवूबाई नावाच्या मुरळीचे पत्र प्रसिद्ध झाले, आणि पुढे कांबळ्यांच्या एका सहकाऱ्याने तिच्याशी विवाह केला. सालाकडे लक्ष द्या. कोल्हापुरात ‘मिठाराणीचा वग’ रंगला तो हाच काळ. एकीकडे एक मुरळी कीर्तीच्या शिखरावर नाचत होती आणि दुसरीकडे दुसरी मुरळी आपल्या जिण्याचा जाब लेखणीने विचारत होती. सांस्कृतिक इतिहासात पहिलीचा उल्लेख येतो, सामाजिक इतिहासात दुसरीचा. दोघींना एका पानावर आणल्याशिवाय दोघीही कळणार नाहीत.

पुढे १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब मुरळ्या, जोगतिणी आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांशी स्वतः बोलले. हे जिणे सोडून या, असे त्यांनी निक्षून सांगितले. त्यांनी या स्त्रियांना सभेला बोलावले, समोर बसवले, आपल्या समाजाच्या स्त्रिया म्हणून त्यांच्याशी वाद घातला, ही गोष्ट विसरू नये. प्रस्थापित समाजाने त्यांना रात्री बोलावले होते. दिवसाढवळ्या सभेला बोलावणारे बाबासाहेब होते.

परंतु एक प्रश्न उरतो आणि तो आपण आपल्यालाच विचारला पाहिजे. त्या सोडून आल्या असत्या तर कुठे आल्या असत्या? चळवळीने तमाशातल्या पुरुषांना एक नवी वाट दिली होती. सत्यशोधक जलशाचा धागा पकडून आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी जुन्या ढोलकीला नवा आशय दिला, गौळणीतली छेडछाड काढून टाकली, बतावणीच्या जागी जातिव्यवस्थेची उलटतपासणी आणली. पूर्वी गावापुढे नाचणारा आणि वाजवणारा माणूस आता सभेपुढे गाऊ लागला. त्याची कला मेली नाही, उलट तिला प्रतिष्ठा मिळाली. पण जलशात स्त्रीची भूमिका पुरुषच करीत. नाचणाऱ्या बाईला जलशात जागा नव्हती. देहाचा बाजार मोडायचा म्हणून तिला बोर्डावरून उतरवले, हे योग्यच झाले. पण उतरलेल्या बाईच्या हाती काय दिले? तिला विवाहाचा सल्ला मिळाला, तिच्या गळ्याला आणि पायाला मात्र काम मिळाले नाही. त्या काळच्या चळवळीकडे ना पैसा होता, ना सत्ता. तेव्हा हा दोषारोप नव्हे. पण हिशेब मांडताना हा आकडा खोडून चालणार नाही.

५

पवळाबाईंच्या शेजारी आणखी एका ओसरलेल्या कलावंताला उभे करू, म्हणजे चित्र पुरे होईल. बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८ चा. त्यांनाही बोलपटाने मागे रेटले. १९३५ साली त्यांनी प्रभात कंपनीशी चित्रपटांचा करार केला. त्यातून ‘धर्मात्मा’ निघाला आणि त्यांचे मन पडद्यावर रमले नाही. पुन्हा रंगभूमीवर येऊन, वय उलटल्यावरही साडी नेसून त्यांनी गेलेला काळ परत आणण्याचा प्रयत्न केला. प्रेक्षक जुन्या आठवणींसाठी येत. कर्ज होते, आजार होता. गोहरबाई कर्नाटकी या मुसलमान गायिकेबरोबर राहिल्याबद्दल समाजाने त्यांनाही छळले. त्यांच्या अखेरच्या दिवसांची कथा सुखाची नाही.

आणि तरीही फरक पाहा. १९५५ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला, १९६४ साली पद्मभूषण मिळाले. १९६७ साली ते गेले आणि १९६८ साली पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले. त्यांच्या शालूची, त्यांच्या तानांची, त्यांच्या वळून पाहण्याची वर्णने पानेच्या पाने लिहिली गेली. पुरुषाने स्त्रीचे सोंग घेतले तर तो नटसम्राट ठरला. स्त्रीने स्त्री म्हणून नाचून दाखवले तर ती नाची ठरली. बालगंधर्वांच्या मागे त्यांची वर्णने लिहिणारा साक्षर वर्ग होता. पवळाबाईंच्या मागे हमाल आणि गिरणी कामगार होते. त्यांचे प्रेम कमी नव्हते, त्यांच्याकडे छापखाना नव्हता. कीर्ती टिकते ती कलेच्या गुणावर, असे आपल्याला शिकवले जाते. ती टिकते प्रेक्षकाच्या ऐपतीवरही.

स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. अश्लीलतेचे कारण दिले गेले. ज्यांनी शेकडो वर्षे पैसे फेकून ती अश्लीलता मागवली त्यांच्यावर बंदी आली नाही; पोट त्यावर अवलंबून असलेल्यांवर आली. पुढे समिती बसली, संहिता तपासून घेण्याच्या अटीवर फड पुन्हा सुरू झाले. तोपर्यंत दुसरेच काही घडू लागले होते. १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ने, १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ने आणि १९७२ साली ‘पिंजरा’ने तमाशा पडद्यावर गाजवला. १९६५ साली ‘विच्छा माझी पुरी करा’ने तो शहरी नाट्यगृहात आणला. त्याला लोकनाट्य हे सोवळे नाव मिळाले. पांढरपेशा कुटुंबे बायकामुलांसह टाळ्या वाजवू लागली. बोर्डावरची बाई कनातीतच राहिली. तिची लावणी तेवढी वातानुकूलित थिएटरात गेली. जे तिच्या अंगावर लाज होते ते दुसऱ्याच्या अंगावर कला झाले.

६

हा सगळा जुना इतिहास आहे, असे वाटत असेल तर विठाबाई नारायणगावकरांकडे पाहा. जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. घर भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडाचे. धर्मांतरानंतर महार समाजातील अनेकांनी तमाशा सोडला, पण मांग, कोल्हाटी आणि इतर जमातींच्या गळ्यात तो राहिलाच. विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाले. त्यांच्याविषयी एक कथा महाराष्ट्रभर सांगितली जाते: दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, खेळाच्या मध्येच बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या.

ही कथा ऐकून लोकांच्या अंगावर शहारे येतात. कलेवरची निष्ठा म्हणून ती भाषणांतून सांगितली जाते. पण कोणी असे विचारत नाही की त्या रात्री त्या बाईला नाचावेच का लागले? सुपारी घेतलेली होती, गाव जमलेले होते, फडातल्या साऱ्या माणसांची चूल त्या खेळावर पेटायची होती. ज्या कामगार स्त्रीला कायद्याने बाळंतपणाची रजा मिळते तिने असे केले तर आपण मालकाला कोर्टात खेचू. विठाबाईंच्या बाबतीत आपण टाळ्या वाजवतो. निष्ठेचा गौरव करून आपण सक्ती झाकतो.

उतारवयात विठाबाई आर्थिक विवंचनेत होत्या. आजारपणाचा खर्च दात्यांच्या मदतीने भागवावा लागला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. नंतर राज्य शासनाने त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पवळाबाईंच्या मृत्यूला तेव्हा साठ वर्षे उलटून गेली होती. मधल्या काळात राज्य बदलले, घटना आली, मंडळे आणि अकादम्या आल्या. पुरस्कार आले, ही प्रगतीच म्हणायची. पण उचल गेली नाही. नारायणगावात जत्रांच्या दिवसांत फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपाऱ्या द्यायला येतात. त्या राहुटीमागे बसलेल्या बाईच्या म्हातारपणाची तरतूद त्या व्यवहारात कोठे लिहिलेली असते?

७

ओसरलेला कलावंत गेलेली कीर्ती का शोधत राहतो, याचे उत्तर आता देता येईल. त्याला टाळ्यांची चटक लागलेली असते, हे सवंग उत्तर झाले. कीर्ती ही त्याची एकमेव मिळकत असते, हे खरे उत्तर आहे. जमीन नाही, वतन नाही, पेन्शन नाही, घरावर नाव नाही. ज्याच्याजवळ दुसरे काही असते तो मानाने निवृत्त होतो. ज्याच्याजवळ काहीच नसते तो पुन्हा चाळ बांधतो. साठीतल्या नर्तकीने तोंडाला रंग लावला तर तिला हसू नये. ती आपली थकबाकी वसूल करायला उभी असते.

म्हणून तमाशा कलावंतांविषयी आपण दया मागू नये, हिशेब मागावा. उचलीच्या जागी करार, हंगामी कामगारांचे हक्क, आजारपण आणि वृद्धत्वाची तरतूद, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची हमी या मागण्या साहित्य संमेलनाच्या ठरावात शोभतील तशाच मोर्चाच्या फलकावरही शोभतील. ज्या मुलीला या धंद्यात जायचे नाही तिला जावे लागू नये आणि जिला गायचे-नाचायचे आहे तिला ते मानाने करता यावे, ही त्या मागण्यांची कसोटी. बाबासाहेबांच्या नकाराचा हाच पुढचा अर्थ आहे. त्यांनी गल्ला नाकारला. त्या गल्ल्याचा मालक बदलण्याचे काम आपल्यावर सोडले.

आणि शिक्षकांना, विद्यार्थ्यांना एक सांगणे आहे. तुमच्या तालुक्यात, तुमच्या वस्तीत एखादी म्हातारी असेल, जिने कधी काळी बोर्ड गाजवला. एखादा ढोलकीवाला असेल, ज्याचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही. त्यांच्याकडे जा. त्यांच्या लावण्या लिहून घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. उचल किती होती, सुपारीतून वाट्याला काय आले, आजारपणात कोणी पाहिले, मुले कुठे शिकली, गावाने दिवसा कसे वागवले, तेही लिहा. प्रत्येक टाचणावर सांगणाऱ्याचे नाव घाला, आणि त्याच्यासाठी, तिच्यासाठी क्रियापद आदरार्थी वापरा. पवळाबाईंच्या वेळी लेखणी आपल्या हातात नव्हती. आज ती आहे.